लग्न नाही, मग आपलं माणूस कोण? अविवाहितांसाठी कायद्याची सोपी ओळख

महाराष्ट्रात २०२४ साली 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली. तिच्या शासन निर्णयात पात्र बायकांची यादी अशी होती: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार आणि 'कुटुंबातील केवळ एक अविवाहित महिला'. वय २१ ते ६५, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला १,५०० रुपये. आता एखाद्या घरात लग्न न झालेल्या दोन बहिणी असतील, एक चाळिशीची, एक पस्तिशीची, दोघी शिलाईकाम करून पोट भरणाऱ्या, तरी पैसे एकीलाच. दुसरीची गरज काही कमी नाही. मला यात कुणाचा आकस दिसत नाही. अट लिहिणाऱ्याच्या डोक्यात अविवाहित म्हणजे अजून उजवायची राहिलेली मुलगी, एवढंच असणार. चाळिशीतली किंवा साठीतली अविवाहित बाई तिथे नव्हतीच.

आपल्या बऱ्याच कायद्यांची गत अशीच आहे. माणूस आधी आई-बापाचा, मग नवऱ्याचा किंवा बायकोचा, मग मुलांचा, हे गृहीत धरून ते बेतलेले आहेत. ज्यांनी लग्न केलं नाही, ज्यांचं झालं नाही, ज्यांना करायचं असून कायदा करू देत नाही, त्यांचंही कुणीतरी असतं. कुणाचा जोडीदार, कुणाची बहीण, कुणाची तीस वर्षांची मैत्रीण. या नात्यांना कायदा कुठे ओळखतो आणि कुठे दारातून परत पाठवतो, ते इथे सोपं करून सांगते. घर आणि दवाखाना या दोन जागी जरा जास्त थांबणार आहे, कारण लोक अडकतात ते तिथेच.

घर कोणाचं?

समजा, डोंबिवलीच्या एका सोसायटीत दोन मैत्रिणी राहतात. दोघी नोकरीतून निवृत्त, दोघी अविवाहित. फ्लॅट एकीच्या नावावर. दुसरीने पंचवीस वर्षं मेंटेनन्स, किराणा, रंगकाम, सगळ्यात निम्मा वाटा उचलला. पहिलीच्या आईचं शेवटचं दुखणंही तिनेच काढलं. पहिली मृत्युपत्र न करता वारली. घर कोणाकडे जाणार?

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ याच्या कलम १५ मध्ये बाईच्या वारसांची रांग दिली आहे. आधी मुलं आणि नवरा, मग नवऱ्याचे वारस, मग आई-वडील, मग वडिलांचे वारस, शेवटी आईचे वारस. अविवाहित बाईच्या बाबतीत पहिले दोन टप्पे रिकामेच. आई-वडील हयात नसतील तर वडिलांचे वारस म्हणजे तिचे भाऊ-बहीण आणि मागे वारलेल्या भावा-बहिणीची मुलं. त्यातला एखादा भाचा वीस वर्षांत दिवाळीलाही फिरकलेला नसेल, तरी तो वारस. या पाचही टप्प्यांत कोणीच सापडलं नाही तर कलम २९ लागतं आणि मालमत्ता सरकारजमा होते. मैत्रिणीचं नाव रांगेत कुठेच नाही. म्हणजे घरातल्या माणसाआधी सरकारचा नंबर!

अविवाहित पुरुषाची रांग वेगळी आहे आणि तिच्यात एक गंमत आहे. आई पहिल्या वर्गात आणि वडील दुसऱ्या वर्गात असल्याने, मृत्युपत्र नसेल तर सगळं आईला मिळतं. ती हयात असेपर्यंत वडिलांना काहीच नाही. पुष्कळ घरांत हे माहीतच नसतं. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी यांचे वारसाहक्काचे नियम निराळे, पण तिथेही नातं जोडणारे धागे दोनच: रक्त आणि लग्न.

इथे लोक हमखास म्हणतात, "पण मी तिचं नाव नॉमिनी म्हणून लावलंय की!" हा गैरसमज इतका पक्का आहे की चांगले शिकलेले लोकही त्यावर निर्धास्त असतात. नॉमिनी म्हणजे पैसे किंवा कागद ज्याच्या हाती सोपवायचे तो. मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत हे १९८३ मध्येच सांगितलं आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. गृहनिर्माण सोसायट्यांसाठी महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात आता कलम १५४ब-१३ आहे. त्यानुसार सभासद वारला की नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, खरा वारस किंवा मृत्युपत्रातला हक्कदार समोर येईपर्यंत. म्हणजे डोंबिवलीतल्या मैत्रिणीचं नाव सोसायटीच्या दप्तरात चढेल, मेंटेनन्सची बिलंही तिच्या नावाने येतील, आणि एक दिवस भाचा वारस दाखला घेऊन दारात उभा राहील.

विम्यात तर आणखी एक मेख आहे. २०१५ साली विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि काही नॉमिनींना रकमेचे खरे मालक मानलं जाऊ लागलं. ते कोण? आई-वडील, नवरा किंवा बायको, मुलं. भाऊ-बहीण त्यात नाहीत, जोडीदार नाही, मित्र नाही. हे वगळलेले लोक पैसे घेतील, पण वारसांसाठी सांभाळणारे म्हणून.

भविष्य निधीचं गणित याहून कडक आहे. १९५२ च्या योजनेनुसार 'कुटुंब' असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा, बाहेरचं नाव दिलं तर ते बाद. कुटुंबात पती-पत्नी, मुलं, अवलंबून असलेले आई-वडील, वारलेल्या मुलाची बायको-मुलं येतात. सख्खी बहीण येत नाही. कुटुंबच नसेल तर कुणाचंही नाव देता येतं, पण पुढे लग्न झालं की ते नाव आपोआप रद्द. लग्न केलेल्याच्या सोयीचा हा नियम आहे आणि त्याच्यापुरता तो बरोबरही आहे.

मग उपाय? मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलेलंही चालतं. दोन साक्षीदारांच्या देखत सही करायची आणि त्यांनीही आपल्या देखत सही करायची. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. ज्याला घर द्यायचं त्यालाच साक्षीदार करू नका. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत, आपल्यामागे कोर्टात उभं राहायला ते हयात हवेत. साठीच्या पुढे असाल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, कारण "म्हातारीवर दबाव आणला" हा पहिला आक्षेप ठरलेला असतो. गोव्यातल्या वाचकांसाठी वेगळी सूचना: तिथे आई-वडील किंवा मुलं असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते, मृत्युपत्राने फक्त उरलेली निम्मी देता येते.

जिवंतपणीच बक्षीसपत्र करून टाकू, असं कुणी म्हणेल. तर एक कोटीचा फ्लॅट घेऊ. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला, आईने मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. दोनशे. तोच फ्लॅट बहिणीला दिला तर ३ टक्के, म्हणजे ३ लाख. मैत्रिणीला किंवा लग्नाविना बरोबर राहणाऱ्या जोडीदाराला दिला तर विक्रीचा पूर्ण दर, शहरात ५ टक्के धरले तरी ५ लाख, वर अधिभार वेगळे. शिवाय आयकर खातं जोडीदाराला 'नातेवाईक' मानत नाही, त्यामुळे ५० हजारांवरची भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. म्हणजे फ्लॅट मिळाल्याबद्दल त्याने कर भरायचा.

सही कोण करणार?

दवाखान्यात "पेशंटचं कोण?" या प्रश्नाला "मैत्रीण" असं उत्तर दिलं की काउंटरवरचा चेहरा बदलतो. "घरच्या कुणाला बोलवा."

याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २००८ चा एक निकाल प्रत्येक अविवाहित माणसाला माहीत असायला हवा. १९९५ सालची दिल्लीतली घटना. ४४ वर्षांची अविवाहित बाई रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेली. दुर्बिणीतून तपासणी ठरली आणि तिला भूल दिली. ती बेशुद्ध असताना डॉक्टरांना वाटलं की गर्भाशय काढायला हवं. बाहेर तिची वृद्ध आई बसली होती. तिची संमती घेतली आणि गर्भाशयासकट अंडाशयही काढून टाकलं. बाई शुद्धीवर आली ती हे सगळं होऊन गेल्यावर. न्यायालयाने म्हटलं, पेशंट सज्ञान होती, सक्षम होती, तात्पुरती बेशुद्ध होती. जिवावर बेतलेलं नसताना तिच्या वतीने संमती द्यायचा अधिकार आईलाही नाही. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. डॉक्टरांची फी बुडाली आणि २५ हजार रुपये भरपाई मिळाली. रक्कम वाचून कपाळाला हात लावावासा वाटतो, पण तत्त्व पक्कं झालं.

याचा व्यवहारातला अर्थ असा की आपण शुद्धीत आणि सज्ञान असू तर आपल्या ऑपरेशनच्या कागदावर आपली सही पुरते. 'नवऱ्याची सही आणा', 'भावाला बोलवा' ही दवाखान्याची सवय आहे, कायद्याची अट नाही. जीव वाचवण्याची निकड असेल तर डॉक्टर कुणाच्याच सहीसाठी थांबत बसायला बांधील नाहीत.

अडचण खरी येते ती माणूस दीर्घकाळ बेशुद्ध राहिला किंवा भान हरपलं की. मुखत्यारपत्र करून ठेवलं आहे म्हणून पुष्कळजण निश्चिंत असतात. करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समजशक्ती गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे छत्री नेमकी पावसात मिटते. शरीराच्या आजारासाठी 'माझ्या वतीने हा निर्णय घेईल' असं कुणालाही नेमता येईल, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाहीच. अपवाद शेवटच्या आजारपणाचा. बरं होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार नकोत, असं आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र करता येतं. २०१८ च्या निकालात त्याची प्रक्रिया फार किचकट होती, जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मुंबई महापालिकेने अशा इच्छापत्रांच्या प्रती ठेवायला अधिकारीही नेमले आहेत.

आणि मनाच्या आजारासाठी मात्र आपला कायदा चक्क पुढारलेला आहे! मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १४. कोणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमू शकतो. तो नातेवाईकच हवा अशी अट नाही. जोडीदार चालतो, मैत्रीण चालते, शेजारी चालतो. कायद्याने नातं विचारलं नाही, विश्वास कुणावर आहे ते विचारलं. या लेखात मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही, की हे कलम जसं आहे तसं उचलून बाकीच्या आजारांना लावलं तर निम्मे प्रश्न सुटतील. डिप्रेशनसाठी मैत्रीण चालते आणि हार्ट अटॅकसाठी चालत नाही, याला काय अर्थ आहे?

लिव्ह-इनचं काय?

लग्न न करता दोन सज्ञान माणसांनी एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. पण गुन्हा नसणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ 'विवाहासारख्या संबंधांतल्या' बाईला संरक्षण देतो, राहत्या घरातून हाकलू देत नाही. मात्र त्यासाठी कोणतं नातं विवाहासारखं, याच्या अटी न्यायालयाने २०१० मध्येच घातल्या: समाजात नवरा-बायकोसारखं वावरलेलं असावं, दोघं लग्नाच्या वयाचे आणि लग्नाला मोकळे असावेत, बराच काळ आपखुशीने एकत्र राहिलेले असावेत. म्हणजे लग्नाशी जितकं साम्य, तितकं संरक्षण. 'पाच वर्षं एकत्र राहिलं की लग्न मानतात' असं कट्ट्यावर ऐकायला मिळतं. असा कोणताही आकडा कायद्यात नाही. दीर्घ सहवासावरून लग्न झालं असावं असं कोर्ट गृहीत धरू शकतं, १९७८ च्या गाजलेल्या निकालातलं जोडपं पन्नासेक वर्षं एकत्र राहिलेलं होतं. पण तेव्हाही कोर्ट म्हणतं ते 'यांचं लग्न झालेलं होतं' असंच. 'लग्न नव्हतं तरी नातं होतं' असं ते म्हणत नाही.

महाराष्ट्राने एकदा पाऊल उचललं होतं. २००८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या पोटगीच्या कलम १२५ मध्ये बदल करून, पुरेसा काळ पत्नीसारखी राहिलेल्या बाईलाही पोटगी मिळावी, असा प्रस्ताव मंजूर केला. पुढे त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा घेतला गेलेला एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता: घरात बायको असताना दुसरीकडे संसार थाटणाऱ्या पुरुषांना यातून पळवाट मिळेल. गुजरातेत सत्तरच्या दशकात 'मैत्री करारा'च्या नावाखाली असले प्रकार झाले होतेच. अशा नात्यांची सरकारदरबारी नोंद ठेवली आणि एका वेळी एकच नोंद, लग्न झालेल्याला नोंद नाही, एवढी अट घातली की ही वाट बंद होते.

उत्तराखंडने जानेवारी २०२५ पासून उलट टोक गाठलं आहे. तिथे लिव्ह-इनची महिन्याभरात नोंद सक्तीची, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा १० हजारांपर्यंत दंड. दोघांपैकी कोणी २१ च्या आतलं असेल तर पालकांना कळवायचं. सोडून दिलेल्या बाईला पोटगी आणि मुलांना औरस दर्जा मिळतो, ते चांगलंच आहे. पण जोडीदाराला वारसाहक्क नाही. नाव नोंदवून घेतलं, हक्क फारसा दिला नाही. याला मी मान्यता म्हणणार नाही, ही हजेरी झाली.

समलिंगी जोडप्यांना तर लग्नाचा पर्यायच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो संसदेवर सोडला. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने एवढं स्पष्ट केलं की बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला त्यांना आडकाठी नाही. नॉमिनीचा अर्थ वर पाहिलाच.

मुलांच्या बाबतीत चित्र धरसोडीचं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांतल्या गर्भपाताचा हक्क अविवाहितेलाही सारखाच दिला. अविवाहित बाई आयव्हीएफ करू शकते, पण सरोगसी नाही, ती फक्त विधवा किंवा घटस्फोटितेला. यामागचं तर्कशास्त्र मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी दत्तक घेऊ शकते, एकटा पुरुष फक्त मुलगा. भुसावळच्या न्यायालयाने एका घटस्फोटित शिक्षिकेला बहिणीचं मूल दत्तक घ्यायला नकार दिला होता, कारण काय तर ती नोकरी करते, मुलाकडे लक्ष कसं देणार. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये तो आदेश रद्द केला आणि त्यामागची मनोवृत्ती मध्ययुगीन असल्याचं सुनावलं.

मग हवं तरी काय?

"एवढं आहे तर लग्न करून टाका ना!" हे उत्तर अविवाहितांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं. दोन बहिणींनी काय करायचं मग? इंग्लंडमध्ये जन्मभर एकत्र राहिलेल्या दोन वृद्ध बहिणी नेमका हाच प्रश्न घेऊन युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. नवरा वारला तर बायकोला वारसा कर माफ, मग एक बहीण वारली तर दुसरीला तो भरण्यासाठी घर का विकावं लागावं? २००८ मध्ये त्या हरल्या. न्यायालयाचं म्हणणं, बहिणींचं नातं वेगळ्या प्रकारचं असतं.

बेल्जियमने हा पेच २००० सालापासून वेगळ्या पद्धतीने सोडवला आहे. एकत्र राहणारी कोणतीही दोन सज्ञान माणसं पालिकेत जाऊन तसं निवेदन देऊ शकतात. जोडपं असो, भावंडं असोत, मित्र असोत, त्यांच्यात शरीरसंबंध आहे का हे कोणी विचारत नाही. लग्न झालेल्याला किंवा दुसऱ्या कुणाबरोबर आधीच नोंद असलेल्याला हे करता येत नाही. घरखर्चाची जबाबदारी दोघांची, आणि २००७ पासून एक वारला तर दुसऱ्याला राहत्या घरात मरेपर्यंत राहायचा हक्क. मोडायचं असेल तर एकानेही निवेदन दिलं तरी पुरतं. आपल्याकडेही मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी नोव्हेंबर २०२३ मध्ये तमिळनाडू सरकारला सुचवलं की दोन माणसांना आपल्या कौटुंबिक सहवासाचा दस्त नोंदवता यावा. सूचना समलिंगी जोडप्यांच्या प्रकरणातली होती, पण ती मैत्रिणींना आणि बहिणींनाही तितकीच लागू करता येईल.

वारसाहक्काला हात घालायचा तर केंद्राशी बोलावं लागेल, त्याला वेळ लागेल. मुद्रांक शुल्काचा दर मात्र राज्याच्या हातात आहे. नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांच्यासाठी २०० रुपयांची सवलत महाराष्ट्राने २०१५ साली स्वतःच दिली, दिल्लीला विचारायला गेलं नव्हतं कोणी. त्या यादीत बहीण-भाऊ घालायला आणि 'दात्याने नोंदवलेली एक व्यक्ती' एवढे शब्द वाढवायला एक दुरुस्ती विधेयक पुरेल, तेही एका अधिवेशनात.